घर साठ लाखांचं, पण भांडवल किती?



१ एप्रिल २०२५ पासून राज्यात नवे रेडी रेकनर दर लागू झाले. सगळ्यात जास्त वाढ कुठे झाली माहितीये? मुंबईत नाही, पुण्यात नाही, ठाण्यात पण नाही. सोलापूर महापालिका क्षेत्रात, १०.१७ टक्के. राज्याची सरासरी होती ४.३९ टक्के. त्याआधीची दोन वर्षं दर जागच्या जागी ठेवले होते, त्यामुळे ही वाढ जरा जोरातच लागली. आणि मग ठरलेला प्रश्न आला: "सर, आमचं घर दहा टक्क्यांनी वाढलं की! आता घरावर कर्ज काढून धंदा टाकू का?"

या प्रश्नातली गडबड आधी समजून घेऊ. घराची किंमत वाढली हे एक वाक्य, आणि माझ्याकडे भांडवल वाढलं हे दुसरं वाक्य. या दोन्हींच्या मध्ये बरंच अंतर आहे, आणि लहान शहरात ते अंतर पुण्या-मुंबईपेक्षा जास्त असतं. आता कोणी म्हणेल, सोलापूर कुठे लहान शहर? २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या होती. बरोबर आहे. माणसं भरपूर आहेत, पण घरांचा बाजार लहान शहरासारखाच चालतो: व्यवहार थोडे, ओळखीतून होणारे, आणि एक व्यवहार पुरा व्हायला महिनोन्‌महिने. त्यामुळे तुम्ही सांगलीचे असा, लातूरचे असा की जळगावचे, पुढचं सगळं थोड्याफार फरकाने तुम्हालाही लागू आहे.

रेकनर वाढला म्हणजे नक्की काय वाढलं?

रेडी रेकनर हा सरकारचा दर आहे. स्टॅम्प ड्युटी कमीत कमी कितीवर घ्यायची, ते ठरवण्यासाठीचा. करारातली किंमत आणि रेकनरप्रमाणे येणारी किंमत यातली जी जास्त, तिच्यावर ड्युटी लागते. महापालिका हद्दीत स्थानिक अधिभार धरून ही ड्युटी साधारण ६ टक्के (घर महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत), शिवाय नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये.

म्हणजे रेकनर वाढला की पहिल्यांदा वाढतो तो घेणाऱ्याचा खर्च. विकणाऱ्याच्या हातात त्यातला एक रुपया येत नाही. उलट काही गल्ल्यांमध्ये प्रत्यक्ष भाव रेकनरच्या खाली असतो. तिथे घेणारा म्हणतो, मी ४५ लाख देतोय आणि ड्युटी ५० लाखांवर का भरू? शिवाय दोन्ही आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर प्राप्तिकर खातं दोघांकडेही बघतं. विकणाऱ्याचा नफा रेकनरच्या किमतीवर धरला जाऊ शकतो आणि घेणाऱ्याला तो फरक उत्पन्न म्हणून लागू शकतो. असं झालं की गिऱ्हाईक एक तर भाव पाडून मागतं, नाहीतर निघून जातं. तेव्हा रेकनर वाढल्याची बातमी वाचून पेढे वाटायची घाई करू नका.

चौकातला भाव आणि कागदावरचा भाव

लहान शहरात घराचा भाव कसा कळतो? चौकातून. "अमक्याचं सत्तरला गेलं." "तमक्याला पासष्टला मागत होते, त्यानं दिलं नाही." यातलं 'सत्तरला गेलं' बहुतेक वेळा 'सत्तर सांगितलं होतं' असतं. आणि 'दिलं नाही' म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा आलंच नाही. जाहिरातीत असतो तो सांगितलेला भाव. तो मालकाची इच्छा दाखवतो, बाजार नाही.

खरा भाव बघायचा असेल तर नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च' आहे. तिथे गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकतीचा नंबर टाकून नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात ते बघता येतं. मोबदला किती, क्षेत्रफळ किती, बाजारमूल्य किती, तारीख कोणती, सगळं त्यात असतं. साइट कधी कधी रडवते, पण दोन संध्याकाळी बसलात तर तुमच्या गल्लीतले गेल्या दोन-तीन वर्षांतले चार-पाच व्यवहार मिळून जातील. मिळाले नाहीत, तर तीही माहितीच आहे. तुमच्या भागात विक्रीच होत नाही, असा त्याचा अर्थ.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही व्यवहारांत थोडे पैसे कागदाबाहेर फिरलेले असतात, त्यामुळे कागदावरचा आकडा कमी दिसू शकतो. लोक म्हणतात, "खरा भाव वेगळा आहे हो." असेल. पण बँक कागदावरचाच धरते. आणि तुमचा धंदा बँकेच्या पैशावर उभा राहणार असेल, तर तुमच्यासाठी खरा भाव तोच.

क्षेत्रफळाचा घोळ वेगळाच. फ्लॅटचा भाव बोलताना चौरस फुटाचा दर लावतात 'सेलेबल'वर, म्हणजे जिना, पॅसेज, भिंती सगळं धरून. 'हजार फुटांचा फ्लॅट' आतून मोजला तर सातशे-सव्वासातशे भरतो. रेरा कायदा कार्पेट क्षेत्रफळावर बोलतो. पण लहान शहरात एका प्लॉटवर सहा फ्लॅटची इमारत ही नेहमीची गोष्ट आहे, आणि जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. म्हणून तिथे टेप घेऊन स्वतः मोजायचं. लाजायचं नाही.

सोलापुरात घर घेतो कोण?

हा भाग जरा नीट बघा, कारण तुमच्या घराची किंमत शेवटी घेणाऱ्या माणसावर ठरते.

सोलापूर हे गिरण्यांचं शहर. जुनी मिल १८७७ ची. गिरण्या बंद होत गेल्या, त्यांची जागा यंत्रमागाने, चादरी-टॉवेलने आणि विडीने घेतली. पूर्व भागातल्या पेठांमध्ये घर आणि काम एकाच छताखाली वाढलं. शहराची हद्द १९९२ मध्ये वाढली आणि जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूंना नोकरदारांची वस्ती सरकली. तिथे घेणारे कोण? शिक्षक, सरकारी नोकर, डॉक्टर, तालुक्याच्या गावातून मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी शहरात येणारं शेतकरी कुटुंब. आणि आणखी एक गिऱ्हाईक: पुण्यात नोकरीला असलेला मुलगा, आईवडिलांसाठी घेणारा.

पण हाच मुलगा उलट्या बाजूनेही येतो. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणारी पिढी तिकडेच स्थायिक झाली, तिथे फ्लॅट घेतला, आणि सोलापूरच्या बंगल्यात आता दोघंच म्हातारी माणसं राहतात. पुढे तो बंगला विकायला निघतो. अशी घरं एका कॉलनीत तीन-चार निघाली की भाव कोण ठरवणार? ज्याला घाई आहे तो. एकाने हप्त्यांमुळे पाच लाख कमी घेतले, की पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक तोच आकडा तोंडावर फेकतं. पुण्यात शंभर व्यवहारांत असा एखादा खपून जातो. इथे तोच दर होतो.

जून २०२५ मध्ये सोलापुरातून विमानसेवा सुरू झाली. त्यासाठी दोन वर्षं आधी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तो वाद सगळ्यांना आठवत असेल. विमान उडायच्या आधीच 'विमानतळाजवळ' असे प्लॉटचे फलक लागतात, हे कुठल्याही शहरात होतं. पण विमानतळाजवळच्या बांधकामाला उंचीची मर्यादाही असते, ते फलकावर लिहीत नाहीत. आणि सोलापूरकराला विचाराल तर घर घेताना तो विमानाचं नंतर विचारेल, आधी विचारेल पाण्याचं. शहराच्या बऱ्याच भागात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे बोअरला पाणी किती, खालची टाकी केवढी, उन्हाळ्यात टँकर लागतो का, यावर सौदा लाख-दोन लाखांनी वरखाली होतो. रेकनरच्या तक्त्यात हे काही दिसत नाही.

उताऱ्यावर नाव कुणाचं?

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महाग पडणारा विषय. कागद.

"घर आमचं आहे" असं सांगणाऱ्या मुलाला मी विचारतो, उताऱ्यावर कुणाचं नाव आहे? उत्तर येतं, आजोबांचं. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली. वारस नोंद नाही. काका आहेत, दोन आत्या आहेत. २००५ नंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे "आत्याला काय विचारायचं" हे चालत नाही. सगळ्यांच्या सह्या किंवा रीतसर हक्कसोडपत्र झाल्याशिवाय बँक त्या घराकडे बघणारच नाही. साठ लाखांचं घर, पण तारण म्हणून त्याची किंमत आज शून्य. आणि आत्याकडे सही मागायला जाताना "धंद्यासाठी घर गहाण टाकायचंय" हे स्पष्ट सांगा. नंतर कळलं तर नातं जाईल आणि कोर्टाची तारीख येईल.

दुसरी अडचण गुंठेवारीची. हद्दवाढ भागात शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले आणि त्यावर घरं झाली. बिगरशेती आदेश नाही, मंजूर लेआउट नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामं नियमित करायची सोय आहे, आणि २०२१ मधल्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ती खुली झाली. ज्यांनी फी भरून प्रमाणपत्र घेतलं, त्यांच्या घरावर बँका विचार करतात. शेजारचं तसंच घर, प्रमाणपत्र नसलेलं, स्टॅम्पपेपरवर घेतलेलं: त्याला रोखीचं गिऱ्हाईक मिळालं तरच विकणार, आणि रोखीचं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. माझ्या मते, गुंठेवारीच्या घरात राहणाऱ्या माणसाने धंद्याची मशिनरी बघायच्या आधी महापालिकेत जाऊन हे प्रमाणपत्र मिळवावं. किंमत वाढवायचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. रंग मारून, टाइल्स बदलून इतकी वाढत नाही.

बँक काय बघते?

समजा कागद स्वच्छ आहेत. आकडे समजण्यापुरते घेऊ. चौकात तुमच्या घराचा भाव बोलतात साठ लाख. इंडेक्स टू काढले तर तशी घरं ४८ ते ५० ला गेलेली दिसतात. बँकेच्या व्हॅल्युअरने लिहिलं ५० लाख. पण त्याच रिपोर्टमध्ये खाली आणखी दोन ओळी असतात, त्या कोणी वाचत नाही. 'रिअलायझेबल व्हॅल्यू', म्हणजे विकून खरोखर हातात येईल ती, समजा ४५. आणि 'डिस्ट्रेस व्हॅल्यू', म्हणजे घाईत, सक्तीने विकलं तर येईल ती, समजा ४०. एकाच घराच्या एकाच कागदावर तीन किमती. शेवटची सगळ्यात लहान, आणि तुमचा धंदा बसला तर हीच लागू होणार.

मिळकत तारण कर्ज देताना बँक यातल्या एका आकड्याच्या साधारण निम्मं ते साठ टक्के देते. ४५ वर धरलं तर २२ ते २७ लाख. पण तुमचं उत्पन्न दिसत नसेल तर तेवढंही नाही, कारण बँक हप्ता भरायची ताकद बघते, घर नंतर बघते. नवीन धंद्याला उत्पन्नाचा पुरावा कुठून आणणार? मग काही जण जादा व्याजाच्या फायनान्स कंपनीकडे जातात, जिथे "फक्त घराचे कागद आणा" असं सांगतात. फक्त घराचे कागद बघून जो पैसे देतो, त्याची नजर घरावरच असते. हे मी कडक बोलतोय, पण बोलतो.

२० लाख घेतले, ११ टक्के व्याज, १० वर्षं. हप्ता होतो साधारण २७,५५० रुपये. पुढच्याच महिन्यापासून. तुमचं दुकान, तुमचा कारखाना पहिल्या महिन्यात २७ हजार निव्वळ देणार आहे का? नसेल, तर पहिल्या वर्षाचे हप्ते, म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर, याच कर्जातून बाजूला ठेवावे लागतील. म्हणजे भांडवल राहिलं पावणेसतरा लाख. त्यातून व्हॅल्युएशन, वकिलाचा सर्च रिपोर्ट, प्रोसेसिंग फी, गहाणखताचा खर्च जातो. साठ लाखांपासून सुरुवात केली होती आपण. धंद्यात घालायला हातात उरले सोळा-साडेसोळा.

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस काढू शकते आणि कोर्टात दावा न लावता ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. "आपली तर गावातली सहकारी बँक, ओळखीचे संचालक" असं म्हणून निर्धास्त राहू नका. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिलाय.

मग विकूनच टाकलं तर? काही जण म्हणतात, हप्त्याची कटकटच नको. ठीक आहे, पण एक हिशेब करा. घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर धंद्यात पैसे घातले म्हणून वाचत नाही. सवलत मिळते ती ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं किंवा ठरावीक सरकारी बाँडमध्ये पैसे गुंतवले तर. एजंटचं एक-दोन टक्के कमिशन वेगळं. आणि राहायला भाड्याचं घर लागेल, त्याचं भाडं धंद्याच्या गल्ल्यातूनच जाणार. तरीसुद्धा एका परिस्थितीत मी विकायच्या बाजूने असतो: दुसरी, रिकामी पडलेली मिळकत असेल तर. लहान शहरात फ्लॅटचं वर्षाचं भाडं त्याच्या किमतीच्या दोन-तीन टक्के सुटतं. कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट तर मेंटेनन्स आणि घरपट्टी खातो. राहतं घर आणि पडून असलेलं घर यांना एकच नियम लावू नका.

घरातच माग असेल तर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांसाठी हे वेगळं सांगतो. तुमच्याकडे खाली माग आणि वर घर असतं. इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीतही असंच. या घराची किंमत फुटांवर मोजायची नसते. त्या जागेत थ्री-फेज कनेक्शन आहे, मागाचा पाया आहे, सूत देणारा व्यापारी दारात येतो, कामगार दोन गल्ल्या पलीकडे राहतो. जागा बदलली तर हे सगळं नव्याने उभं करावं लागतं. व्हॅल्युअर मात्र लिहितो: जुनं बांधकाम, अरुंद रस्ता, पत्र्याचं छत. म्हणजे तुमच्यासाठी त्याची किंमत जास्त आणि बँकेसाठी कमी. अशी मालमत्ता तारण ठेवणं हा सगळ्यात वाईट सौदा, कारण कर्ज थोडं मिळतं आणि जोखीम दुहेरी. घर गेलं तर त्याच दिवशी धंदाही जातो.

आधी हे दरवाजे ठोठवा

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा कर्ज १० लाखांपर्यंत, आणि 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. त्यापुढे सीजीटीएमएसईची हमी योजना आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत मर्यादा आहे, वर अनुदान. शाखेत गेल्यावर "घर आहे ना, मग तेच द्या" असं ऐकायला मिळतं, कारण साहेबाला ते सोपं पडतं. तुम्ही शांतपणे म्हणायचं, "साहेब, हमी योजनेत बसवता येतं का बघा, नसेल बसत तर नकाराचं कारण लेखी द्या." लेखी मागितलं की फाइल पुन्हा उघडते, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे.

आणि तरी घर तारण द्यायचंच ठरलं, तर व्हॅल्युएशन रिपोर्टची प्रत मागून घ्या. फी तुमच्या खिशातून गेलेली असते, त्यामुळे मागायला संकोच नको. शेवटच्या पानावरची डिस्ट्रेस व्हॅल्यूची ओळ आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण गहाणखतावर सही त्यांची होणार आहे. ती ऐकून त्यांनी दोन दिवस विचार करायला मागितले, तर द्या.